डॉक्टर कुलथ्यांचे टायर

परवा मुलाच्या गाडीला टायर घ्यायला नगरला गेलो होतो. दुकानातला पोरगेला विक्रेता एकेका टायरवर थाप मारून सांगत होता, हा पावसाचा, हा हायवेचा, आणि हा बघा काका, बाराही महिने, कुठलाही रस्ता असू द्या. मुलगा घासाघीस करत होता. मी बाजूच्या स्टुलावर बसून डॉक्टर कुलथ्यांची आठवण काढत होतो. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. असा एक टायर मिळावा म्हणून त्या माणसानं काय काय केलं, आणि त्यांच्यापायी मलाही काय काय करावं लागलं, ते आठवून मला बसल्या जागी थकवा आला.

मी त्यांच्याकडे काष्टीला कंपाउंडर होतो. डॉक्टर उंच, किंचित वाकलेले, चष्म्याआडचे डोळे कायम तांबारलेले. झोप पुरी झालेला त्यांचा चेहरा कसा दिसतो ते बहुधा वहिनींनाही माहीत नसावं. पांढऱ्या शर्टाच्या खिशात थर्मामीटर आणि टायरची हवा मोजायची नळी शेजारी शेजारी असायची. एकदा बाजाराच्या दिवशी, भरगच्च गर्दीत, एका बाईला 'आ कर' म्हणून ते ती नळीच तोंडात घालायला निघाले होते. मी हात धरला. डॉक्टरांनी नळीकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं आणि म्हणाले, "हिची हवा ठीक आहे." बाईला काही कळलं नाही, पण तिला एकदम बरं वाटल्यासारखं झालं.

डॉक्टरांची एक जुनी काळी मोटार होती. कुणाकडून घेतली होती देव जाणे, पण ती त्या भागातल्या रस्त्यांसाठी नक्कीच जन्माला आलेली नव्हती. आमच्याकडे रस्त्यांच्या तीन तऱ्हा. नगर-दौंड डांबरी, त्यावर झिजून गोटा झालेला टायरसुद्धा चालून जातो. वरच्या अंगाला माळ. तिथं दगडाची धार टायर कापून काढते, म्हणून जाड रबर हवं, नक्षी असो नसो. आणि खाली नदीकाठची काळी रानं. पाऊस झाला की ती माती टायरच्या नक्षीत भरते आणि चाकाचा लाडू होतो. तिथं खोल खाचांचे टायर लागतात. ते डॉक्टरांनी मिलिटरीच्या लिलावातून आणले होते. चिखलात ते रेड्यासारखे चालायचे, पण डांबरीवर घातले की भणभणायचे आणि मोटार हलायची. शिवाय वळताना मडगार्डला घासायचे ते वेगळंच.

म्हणून दवाखान्याच्या मागच्या पडवीत खुंट्यांवर टायर टांगलेले असायचे. कुणी व्हिजिटला बोलवायला आलं की डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "कुठल्या गावचा?" दुसरा, "रस्ता कसाय?" आजार काय हे तिसऱ्या नंबरला. मग 'बघू, रस्ता काय म्हणतो ते' असं पुटपुटत ते पडवीत जायचे आणि टायर निवडायचे. जॅक मी लावायचा. पाना कुणीही रिकामा माणूस फिरवायचा. पोटदुखीचं औषध घ्यायला आलेले किती तरी लोक पाने फिरवून घामाघूम झाले आणि औषध न घेताच बरे होऊन घरी गेले.

आता, ज्याच्या घरात माणूस तळमळतंय त्याला हा टायरांचा सोहळा कसा सोसावा? लोक हुशार. त्यांनी त्यावर तोड काढली. बोलवायला आलेला माणूस सरळ खोटं बोलायचा. गुडघाभर चिखल असला तरी 'लई भारी रस्ता हाय डॉक्टर, डांबरीवानी.' म्हणजे टायर न बदलता डॉक्टर निघतील आणि अर्धा तास वाचेल. मग कुठं तरी घोडं पेंड खायचं, मोटार फसायची, बैल आणावे लागायचे. डॉक्टर रागवायचे नाहीत. थकल्या आवाजात एवढंच म्हणायचे, "अरे, नाडी दाखवताना खोटं बोलतोस का? मग रस्त्याबद्दल का बोलतोस?" समोरचा माणूस पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहायचा. पुढच्या खेपेला पुन्हा तेच खोटं.

तोपर्यंत ही सगळी गंमत होती. ती गंमत चिंचवाडीच्या रस्त्यावर संपली.

दुष्काळाच्या आधीच्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारची वेळ. नदीकाठच्या चिंचवाडीचा शंकर नावाचा तरुण गडी सायकल हाणत आला. बायको सकाळी बाळंत झाली होती, मुलगी झाली होती, पण वार पडली नव्हती आणि रक्त थांबत नव्हतं. डॉक्टर बॅग भरता भरता म्हणाले, "रस्ता?"

"चांगला हाय."

"ओढ्याच्या पुढं?"

"लई चांगला हाय डॉक्टर. कालच गाडी गेली की बैलांची. तुमी निगा फकस्त."

निघालो. साधे टायर, तेही अर्धे झिजलेले. ओढा ओलांडला आणि पुढच्याच वळणावर मोटार मागच्या चाकांनी खाली बसली. मी आणि शंकर ढकलतोय, डॉक्टर आत बसून गिअर टाकताहेत. चाकाखाली बाभळीचे फाटे घातले, पोती घातली, शंकरनं अंगातला सदरा काढून घातला. दर वेळी चाक थोडं वर यायचं आणि डॉक्टर ओरडायचे, "आत्ता निघेल! निघतंय!" आणि परत खाली. शेवटी शंकर पळत गेला आणि कुणाचे तरी बैल घेऊन आला. मोटार ओढून काढली. आम्ही पोहोचलो तेव्हा ती बाई गेलेली होती. शंकरची आई, हौसाबाई, त्या एवढ्याशा मुलीला मांडीवर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली होती.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. मोटार जिथं फसली तिथून चिंचवाडीची झाडं दिसत होती. घरांवरचा धूर दिसत होता. बॅग हातात घेऊन चालत निघालो असतो तर बैल यायच्या कितीतरी आधी डॉक्टर त्या बाईच्या उशाशी असते. पण हे त्या दुपारी कुणाच्या डोक्यात आलं नाही. डॉक्टर मोटारीतून यायचे. मोटार अडली म्हणजे डॉक्टर अडले. हे आम्हा सगळ्यांना इतकं अंगवळणी पडलं होतं की शंकरसुद्धा म्हणाला नाही, डॉक्टर, खाली उतरा आणि चला.

परतताना डॉक्टर एकच वाक्य बोलले. "टायर चुकले."

पुढं गावात तेच झालं. 'टायरनं घात केला' असंच सगळे म्हणू लागले. म्हणायला सोपं होतं आणि ऐकायलाही.

तेव्हापासून टायर ही डॉक्टरांची हौस राहिली नाही. ते दुखणं झालं. पुन्हा उशीर होता कामा नये, बस, एवढंच त्यांच्या डोक्यात. दवाखाना आवरला की मागच्या अंगणात काळी माती टाकून, तिच्यावर पाणी ओतून ते मोटार पुढंमागं करायचे. कुठलं चाक किती वेळा गरगर फिरतं ते बघायला मला मागं उभं करायचे. माझा एकही सदरा त्या वर्षात धड राहिला नाही. मध्येच खाली उतरून टायरला कान लावायचे, बोटांनी टकटक करायचे, हवा कमी करायचे, पुन्हा भरायचे. मी एकदा म्हटलं, "डॉक्टर, चिखलात हवा कमीच बरी दिसते." तर म्हणाले, "आणि ओढ्यानंतर माळ लागला तर? तिथं कमी हवेचा टायर दगडावर फाटेल. मग? रस्त्यात उभं राहून पंप मारायचा आणि आत बाई..."

वहिनी हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायच्या. त्या फार कमी बोलायच्या, पण बोलल्या की वर्मी लागायचं. एक दिवस चहा आणून ठेवता ठेवता मला म्हणाल्या, "नामदेवराव, नाचता येईना अंगण वाकडं, अशी गत आहे तुमच्या डॉक्टरांची." डॉक्टर चाकापाशी उकिडवे बसले होते. त्यांनी ऐकलं. चहा तसाच गार झाला.

मग नगरच्या एका दुकानदारानं त्यांना गाठलं. सगळ्या रस्त्यांना एकच टायर, डॉक्टरसाहेब, बदलायची कटकट नाही. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी जरासं हसू पाहिलं. चारही चाकांना नवे टायर चढले. आम्ही डांबरीवर जाऊन आलो, बरं वाटलं. माळावर गेलो, एक टायर दोन ठिकाणी कापला गेला, पण चालला. मग नदीकाठच्या एका रानात, शेतमालकाची परवानगी काढून, चिखलात घातली मोटार. बरीच आत गेली. डॉक्टर वळून माझ्याकडे बघणार, एवढ्यात बसली. त्या टायरांचं सगळ्या पाहुण्यांशी गोड बोलणाऱ्या माणसासारखं होतं, वेळेला कुणाच्याच उपयोगी नाहीत. डॉक्टर स्टिअरिंग धरून कितीतरी वेळ बसून राहिले. मी म्हटलं, "चला, बैल बघतो." ते म्हणाले, "बघा." त्या एका शब्दात इतकी मरगळ होती की मला दुकानदाराचा संताप आला.

नंतर दुष्काळ पडला. चिखल औषधालाही राहिला नाही. ओढे, रानं, माळ, सगळ्याचा एकच फुफाटा झाला आणि एकाच जोडीवर डॉक्टर सगळीकडे फिरू लागले. खडी फोडायच्या कामावर हजारानं माणसं, डोळ्यांत गेलेल्या कपच्या, बोटांवर बसलेले हातोडे, लहान पोरांना जुलाब. डॉक्टर सकाळी निघायचे ते दिवेलागणीला परत. लिलावाचे टायर खुंटीवर वाळत होते. मी सहज थट्टा केली, "डॉक्टर, बघा, मिळाला की नाही सगळीकडं चालणारा रस्ता." ते पायरीवर बसून बूट काढत होते. म्हणाले, "असा नको होता हो, नामदेवराव." मी त्यांचे बूट उचलून आत नेऊन ठेवले.

त्या काळात आणखी एक लक्षात आलं. चिंचवाडीच्या फाट्यावरून पुढच्या गावाला जाण्याचा सरळ रस्ता असला, तरी डॉक्टर लांबून वळसा घालून जायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, तिकडचा रस्ता टायरला बरा नाही. सगळीकडं धूळ असताना!

दुष्काळ सरला. पाऊस चांगला झाला, काळी रानं भरून आली. माझं जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात काम होण्यासारखं होतं, पाथर्डीकडं, आणि महिन्याभरात मी काष्टी सोडणार होतो. त्याच दिवसांत, एका दुपारी, शंकर दवाखान्याच्या दारात उभा राहिला.

मी त्याला लगेच ओळखलं. डॉक्टरांनीही. त्यानं दुसरं लग्न केलं होतं. ही बायको कालपासून अडली होती, सुईणीनं हात टेकले होते. त्याचा श्वास छातीत मावत नव्हता. डॉक्टर खुर्चीतून उठले आणि सवयीनं म्हणाले, "रस्ता?"

"रस्ता न्हाई," शंकर म्हणाला. "खोटं न्हाई बोलनार डॉक्टर आता. वड्याच्या म्होरं गुडघाभर चिखूल हाय. तुमची गाडी न्हाई येनार. पन ते लिलावातलं टायर लावा, मग येती. मला ठावं हाय, येती."

आणि आम्ही काही म्हणायच्या आत तो पडवीत गेला, खुंटीवरचा टायर उतरवला, दुसरा उतरवला आणि गडगडवत मोटारीपाशी घेऊन आला. जॅक कुठं असतो तेही त्याला ठाऊक होतं. पण पाना बोल्टवर बसत नव्हता.

डॉक्टर दारात उभे राहून ते बघत होते. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. मग ते खाली उतरले आणि त्याच्या हातातून पाना काढून घेतला.

"ठेव. आहेत त्याच टायरांवर ओढ्यापर्यंत जाऊ. तिथून चालत."

"न्हाई न्हाई डॉक्टर! टायर लावा! पाया पडतो तुमच्या. मी मदत करतो की, आत्ता हुतंय!"

"शंकर, चल म्हणतो ना."

तो ऐकेना. टायर सोडेना. डॉक्टरांनी त्याला दंडाला धरून अक्षरशः मोटारीत बसवलं. वाटभर तो मागं वळून दवाखान्याकडे बघत होता, जसं काही त्याच्या बायकोचा जीव तिथं पडवीच्या खुंटीलाच टांगलाय.

ओढ्याशी मोटार सोडली. डॉक्टरांनी बॅग घेतली, मी चिमट्यांची पेटी. बूट-वहाणा पहिल्या पन्नास पावलांतच मातीनं ओढून घेतल्या. त्या हातात घेऊन चाललो, मग त्याही बांधावर ठेवून दिल्या. डॉक्टर पन्नाशी ओलांडलेले, कंबर दुखरी, दुष्काळानं पिळून निघालेले. दोनदा बाभळीला हात टेकून उभे राहिले. एकदा घसरून चिखलात बसले. शंकर धावत मागं आला, तर त्यालाच ओरडले, "तू पुढं हो. पाणी उकळायला सांग. मी येतोय." आणि उठले. त्या 'मी येतोय'मध्ये काय होतं ते मला तेव्हाच कळलं, म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. खाली मान घालून चालत राहिलो.

पोहोचलो तेव्हा बाईची शुद्ध जात-येत होती. हौसाबाई दारातून बाजूला झाली. पुढचा तास-दीड तास आत काय चाललं ते लिहीत नाही. चिमटा लावावा लागला. डॉक्टरांच्या कोपरापर्यंत रक्त आणि गुडघ्यापर्यंत चिखल होता. पण मूल रडलं. बाईनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

बाहेर ओट्यावर येऊन डॉक्टर बसले. हौसाबाईनं तांब्यातून त्यांच्या पायांवर पाणी घातलं, गुळाचा चहा दिला. तीनेक वर्षांची एक मुलगी दाराआडून आम्हाला बघत होती. ती कोण हे विचारायची गरज नव्हती. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला.

शंकर समोर येऊन मातीतच बसला. मग म्हणाला, "डॉक्टर, येक सांगायचं हुतं. मागल्या येळंला मी खोटं बोललो. रस्ता चांगला हाय म्हनलो. मला ठावं हुतं चिखूल हाय. म्हनलं टायर बदलाया बसले तर उशीर हुईल." त्यानं दाराआडच्या मुलीकडे पाहिलं. "खरं बोललो आसतो तर तुमी ते टायर लावलं आसतं. ती वाचली आसती. ह्या पोरीची आय मी मारली, डॉक्टर. कुनाला सांगितलं न्हाई मी हे. आयलाबी न्हाई."

हौसाबाई तांब्या घेऊन तशीच उभी राहिली.

मला वाटलं, डॉक्टर नेहमीसारखं 'बघू' म्हणतील, विषय टाळतील. त्यांनी चष्मा काढला. चिखलानं भरलेल्या शर्टाला पुसायला गेले, तो आणखीच बरबटला, तसाच हातात धरला.

"तू खोटं बोललास म्हणून ती गेली नाही," ते म्हणाले. "टायरनं पण गेली नाही. मी मोटारीत बसून राहिलो म्हणून गेली. तुझं घर तिथून दिसत होतं. मी आज आलो तसा चालत यायला हवं होतं. मला ते त्याच संध्याकाळी कळलं होतं. पण मी टायर टायर करत बसलो, आणि तुम्हाला सगळ्यांना तेच खरं वाटू दिलं."

शंकरनं डॉक्टरांकडे पाहिलं. ती नजर मला झेपेना. मग तो उठला आणि गोठ्याकडे निघून गेला.

डॉक्टर थोडा वेळ थांबले. हौसाबाई म्हणाली, "गाडी जुपाया सांगते."

"नको," डॉक्टर म्हणाले. "चालत जाऊ."

आम्ही निघालो. ऊन उतरलं होतं. डॉक्टर इतके थकले होते की बॅग एका हातातून दुसऱ्या हातात करताना थांबावं लागत होतं. मी मागितली, दिली नाही. निम्म्या वाटेवर मागून पावलं ऐकू आली. शंकर होता. धावत आला, जवळ पोहोचल्यावर चालू लागला आणि त्यानं डॉक्टरांच्या हातातली बॅग घेतली. डॉक्टरांनी ती सोडली. मग तो पुढं, मध्ये डॉक्टर, मागं मी, असे ओढ्यापर्यंत आलो. वाटेत अवघड जागा आली की तो थांबायचा, मागं न बघता हात मागं करायचा आणि डॉक्टर तो धरायचे.

मोटारीपाशी त्यानं बॅग मागच्या सीटवर ठेवली. दार लावलं. मग मोटारीच्या टपावर हात ठेवून म्हणाला, "डॉक्टर, पुन्यांदा कुनीबी बोलवाया आलं, आन हिथं चिखूल आसला, तर ह्यो डबा हिथंच सोडायचा. आइकलं का?"

"ऐकलं," डॉक्टर म्हणाले.

"चालत यायचं."

"येईन."

शंकर ओढ्यात उतरला. डॉक्टर मोटारीत बसले, किल्ली लावली, पण फिरवली नाही. स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि त्यांचे खांदे हलू लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना थकलेलं पुष्कळ पाहिलं होतं, रडताना कधी पाहिलं नव्हतं. मी हळूच माझ्या बाजूचं दार उघडलं आणि खाली उतरून, त्यांच्याकडे पाठ करून, रस्त्यात उभा राहिलो.